आधी विचारा, डॉक्टर : महाराष्ट्रातील स्त्रीरोगतज्ज्ञांना खुले पत्र

महाराष्ट्रातील सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांस,

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय ३९. हे पत्र तुमच्यापैकी कुणा एकाला नाही, सगळ्यांना आहे. १७ वर्षांत मी सात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या टेबलासमोर बसले आणि सातही जणांनी मला थोड्याफार फरकाने एकच उत्तर दिलं. त्यातल्या पाच जणी बायका होत्या, म्हणून हा पुरुष डॉक्टर आणि स्त्री डॉक्टर असाही प्रश्न नाही. सगळ्यांचं शिक्षण चांगलं, हात चांगला, गावात नाव चांगलं. त्यांची नावं मी इथे घेणार नाही, मला कुणाला उघडं पाडायचं नाहीये. माझं मागणं एवढंच आहे, की सोनोग्राफीला पाठवायच्या आधी आणि गोळी लिहायच्या आधी आम्हाला विचारा. आणि विचारल्यावर उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी १९ वर्षांची होते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात कळ सुरू झाली की उलटी होईपर्यंत थांबायची नाही. न्हाणीघराच्या गार फरशीवर गाल टेकून पडलं की जरा बरं वाटायचं. आई ओव्याचं पाणी द्यायची, गरम पाण्याची पिशवी द्यायची. मग तिलाही बघवेना, म्हणून ती मला तालुक्याच्या गावी घेऊन गेली. तिथला पहिला प्रश्न होता, "लग्न झालंय?" मी म्हटलं, "नाही." "मग आत्ता काय करणार? लग्न झालं की आपोआप बरं होतं." चिठ्ठीवर दुखण्याची गोळी लिहिली गेली. त्या भेटीत मी स्वतः बोललेला शब्द तेवढा एकच, बाकी सगळं आई बोलली.

परत येताना एसटी स्टँडवर आईने मला उसाचा रस पाजला. तिचा चेहरा मोकळा झाला होता. "बघ, काही नाहीये म्हणाल्या," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला इतकं हलकं वाटत होतं की मी गप्प राहिले. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली, की दुखतंय हे खरं असलं तरी ते सांगण्यासारखं नाही. पुढची सात वर्षं मी कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही. तुमच्या टेबलावरची दोन मिनिटं तुमच्यासाठी तिथेच संपतात, डॉक्टर. मला ती सात वर्षं पुरली.

२६व्या वर्षी लग्न झालं. दुखणं थांबलं तर नाहीच, त्यात भर पडली. संबंधाच्या वेळी आत खोल असं दुखायचं की मी उशीचं टोक दातात धरायची. नवरा समजूतदार आहे, तो घाबरून मागे सरायचा आणि मग दोघंही भिंतीकडे तोंड करून जागे पडायचो. हे सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हता. पाळीला आमच्याकडे अडचण म्हणतात, कावळा शिवला म्हणतात, बाहेरची म्हणतात. अंगावरून पांढरं जातंय हे बाया एकमेकींना सांगतात. पण नवऱ्याजवळ गेल्यावर दुखतं, यासाठी कुणापुढे उच्चारता येईल असा शब्द मला ना आईने दिला होता ना सासूबाईंनी. दुसऱ्या डॉक्टरांसमोर मी कसंबसं "तेव्हा दुखतं" एवढं म्हटलं. त्यांनी लिहिता लिहिताच "नवीन नवीन होतं तसं" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांनी सांगितलं, "मूल होऊ द्या, सगळं मोकळं होईल."

मूल होईना, म्हणून चौथ्या डॉक्टरांकडे तीन वर्षं उपचार घेतले. त्या काळात माझ्या इतक्या सोनोग्राफ्या झाल्या की टेबलावरच्या त्या गार जेलची सवय झाली. बीजाचा आकार दर दोन दिवसांनी मिलिमीटरमध्ये मोजला जायचा आणि फाइलवर लिहिला जायचा. ती फाइल अजून माझ्याकडे आहे, चांगली दोन बोटं जाड आहे. तिच्यात "दुखणे" हा शब्द एकदाही नाही, मराठीत नाही आणि इंग्रजीतही नाही. आणि मूल न राहण्याचं कारण बहुधा तेच दुखणं होतं, हे मला पुढे सहा वर्षांनी कळलं.

मुलगी झाली. ती अंगावर पीत होती तोवर पाळी नव्हती आणि ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं गेलं. मला वाटलं, डॉक्टर म्हणत होत्या ते खरंच होतं. पाळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत दुखणं परत आलं. आता ते कंबरेत उतरायचं, मांडीत जायचं आणि सोबत रक्तस्राव इतका की रात्री दोनदा उठून चादर बदलावी लागायची.

त्या काळातला एक तास सांगते. नववीच्या वर्गावर होते, फळ्यावर त्रिकोणाच्या एकरूपतेची सिद्धता लिहीत होते. लिहिता लिहिता आतून एक मोठी गाठ सुटल्याचं जाणवलं आणि पाठोपाठ पायावर ओघळ. दुसरा दिवस होता, दोन पॅड एकावर एक लावले होते, साडी मुद्दाम गडद निळी नेसले होते. तरी मला कळलं की मागे डाग पडला असणार. वर्गात ५८ मुलं, त्यातले निम्म्याहून जास्त मुलगे. मला वळता येईना. खडू फळ्यावर टेकवून मी तशीच उभी राहिले आणि सिद्धतेची पुढची पायरी काही केल्या आठवेना. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली, "बाई, मी पुसते फळा" म्हणाली आणि डस्टर घेऊन थेट माझ्या मागे येऊन उभी राहिली. फळा पुसायची काहीच गरज नव्हती. तिने आपली ओढणी माझ्या हातात दिली आणि आम्ही दोघी तशाच, ती मागे मी पुढे, दारापर्यंत गेलो. चौदा वर्षांच्या त्या पोरीला जे न सांगता कळलं, ते मला तुमच्याकडे येऊन, फी भरून, तोंडाने सांगूनही पोहोचवता आलं नव्हतं.

त्या आठवड्यात हिमोग्लोबिन तपासलं, ७.४ निघालं. पाचव्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी आणि गूळ-शेंगदाणे खायला सांगितलं. रक्त किती जातं, किती दिवस जातं, दिवसाला किती पॅड लागतात, गाठी पडतात का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. हंड्याला भोक पडलंय की नाही हे न बघता वरून पाणी ओतत राहायचं, असा तो उपचार मी दीड वर्ष घेतला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी भरलं. त्यात न खाणाऱ्या, अर्धपोटी राहणाऱ्या बाया असतील, खूप असतील. पण माझ्यासारख्या, महिन्याच्या महिन्याला रक्त वाहून जाणाऱ्या किती असतील, हे त्यांना विचारल्याशिवाय कसं कळणार?

सहाव्या डॉक्टरांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. "तुम्ही फार विचार करता. शिक्षक लोकांचं असं होतं," असं म्हणाल्या आणि फाइलवर इंग्रजीत "अँक्शस", म्हणजे चिंताग्रस्त, असं लिहिलं. मी तो शब्द वाचला आणि बाहेर येऊन पायरीवर बसून रडले. मन आजारी पडत नाही असं माझं म्हणणं नाही, आणि मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात मला कमीपणाही वाटत नाही. रडू याचं आलं, की माझं सगळं सांगणं ऐकायच्या आधीच त्याला नाव देऊन झालं होतं.

पण ऐकून घेणारा पहिला माणूस मला तिथेच भेटला. त्या मानसोपचारतज्ज्ञांनी मला पाऊण तास बोलू दिलं. शेवटी विचारलं, "हे सगळं महिन्याच्या कुठल्या तारखांना होतं?" मी म्हटलं, नीट सांगता येणार नाही. ते म्हणाले, "गणित शिकवता ना? मग आलेख काढून आणा." मी आलेख कागदाची वही घेतली. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर शून्य ते दहा दुखणं. चार महिने रोज रात्री एक ठिपका. पाळीच्या आधी दोन दिवस रेघ चढायला लागायची, पहिल्या-दुसऱ्या दिवशी नऊवर जायची, सहाव्या दिवशी खाली यायची. मधे एक छोटा उंचवटा, बीज सुटायच्या सुमाराला. चारही महिन्यांत तेच. त्यांनी तो कागद बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "नुसता ताण असता तर तो कॅलेंडर बघून आला नसता. हे दुखणं माझ्याकडचं नाही, तुम्ही पुन्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि हा कागद दाखवा."

मी तो कागद घेऊन सातव्यांकडे गेले. त्यांनी तो सोनोग्राफीच्या रिपोर्टखाली सरकवला. "रिपोर्ट नॉर्मल आहेत. पिशवी थोडी मोठी वाटते, ते बऱ्याच जणींना असतं. फारच त्रास असेल तर पिशवी काढून टाकू. एक मूल झालंय ना?" तुम्हाला काही झालेलं नाही इथपासून तुमचा अवयव काढून टाकू इथपर्यंत यायला एक मिनिटही लागलं नाही. मधे एकही प्रश्न नव्हता. मूल झालं का, हा प्रश्न होता, पण तो माझ्या दुखण्याबद्दलचा नव्हता.

तिथून घरी येताना मला बीडच्या बायका आठवल्या. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर असते. एक दिवस काम बुडलं की खाडा पडतो, दंड भरावा लागतो. फडावर संडास नाही, न्हाणी नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. अशा बाईच्या अंगावरून पांढरं जायला लागतं, पोट दुखायला लागतं आणि ती पैसे उसने घेऊन डॉक्टरकडे येते. तिला सांगितलं जातं, पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. तिशीतल्या बायका.

त्यांचं जगणं आणि माझं जगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला पगारी रजा आहे, त्यांना खाडा आहे. माझ्याबरोबर मी त्यांचं दुःख तोलणार नाही. पण "काही नाही, सहन करा" आणि "काढून टाका" ही दोन उत्तरं एकाच जागेवरून येतात, हे मला त्या दिवशी दिसलं. दोन्हीकडे बाईला विचारणं गाळलेलं असतं. नेमकं कुठे दुखतं, कधी दुखतं, जंतुसंसर्ग आहे का, औषधाने बरं होईल का, हे शोधायला वेळ लागतो. उत्तर आधीच तयार असलं की वेळ लागत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय काढणं रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. इतक्या वरून आदेश यावा लागला, याचं तुम्हालाही वाईट वाटलं असेल अशी माझी समजूत आहे. ज्यांना वाटलं, त्यांच्यासाठीच मी हे लिहिते आहे.

आठव्या डॉक्टर मला पुण्यात भेटल्या, ३६व्या वर्षी. त्यांनी रिपोर्ट आधी हातात घेतलेच नाहीत. मला बसवलं, नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं, पडदा ओढला आणि विचारलं, "पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना दुखतं का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पाळीच्या दिवसांत संडासला जायची मला इतकी भीती वाटायची की आदल्या दिवसापासून मी जेवण कमी करायची. आतून कुणी सुरी फिरवतंय असं दुखायचं. हे मी आईला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, तुमच्यापैकी सात जणांना तर नाहीच. पाळीचा आणि शौचाचा काही संबंध असेल हेच मला माहीत नव्हतं, मग पाळीच्या डॉक्टरला ते कशाला सांगू? आणि या बाई ते जणू माझ्या घरात राहून बघितल्यासारखं विचारत होत्या. मी हो म्हटलं आणि त्यानंतर वीस मिनिटं बोलत होते. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. लिहीत होत्या, पण वर बघत होत्या.

मग हळू हाताने तपासणी, "दुखलं तर सांगा, मी थांबेन" असं आधी म्हणून. मग एमआरआय. एंडोमेट्रिऑसिस निघाला, खोल रुतलेला. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढलेला, डावं बीजांडकोश आतड्याला चिकटलेलं. सोबत अ‍ॅडेनोमायोसिस, म्हणजे तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत घुसलेलं. नॉर्मल रिपोर्टमधली ती "थोडी मोठी पिशवी" म्हणजे हे होतं. पुढे दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, आता रोज एक गोळी चालू आहे. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, नऊवरून तीनवर आलंय. गोळीचा त्रासही होतो. पण आता मला माझ्या आजाराचं नाव माहीत आहे, आणि गेल्या वर्षी मी पाळीच्या दिवशी सहलीला मुलांबरोबर अजिंक्यतारा चढून आले.

हा काही दुर्मिळ आजार नाही, हे मला सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पुनरुत्पादक वयातल्या दहा टक्के स्त्रियांना तो असतो, जगभरात सुमारे १९ कोटी. ५८ जणांच्या माझ्या वर्गात २६ मुली आहेत. हिशेब मी तुमच्यावर सोडते. साध्या सोनोग्राफीत तो दिसेलच असं नाही, हेही तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. प्रजनन वैद्यकातली युरोपीय संस्था एश्रे हिने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय, की तपासणीत किंवा चित्रांत काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असं धरू नये, लक्षणांवरून औषध सुरू करता येतं, आणि केवळ या आजारावर उपाय म्हणून बाईला गरोदर राहायचा सल्ला देऊ नये. मला तो सल्ला दोनदा मिळाला होता. "रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे वाक्य तुम्ही म्हणा, ते खरं असेल. फक्त त्याला जोडून "म्हणजे तुम्हाला काही नाही" असं म्हणू नका. "कारण मला अजून सापडलेलं नाही" असं म्हणा. मी शिक्षक आहे, मला ठाऊक आहे की "माहीत नाही" म्हणायला जड जातं. पण तेवढं एक वाक्य माझ्या पहिल्या भेटीत आलं असतं तर मी सात वर्षं घरी बसले नसते.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, बायका स्वतःहून सांगत नाहीत, आम्ही काय करणार. यावर मी गडचिरोलीकडे बोट दाखवेन. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन खेड्यांत केलेला अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग होता, दर बाईमागे सरासरी साडेतीनाहून जास्त. आणि आधी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या बायांना लाज नव्हती का? होती. शहरातल्या कुठल्याही बाईपेक्षा जास्त होती. तरी त्या आल्या आणि त्यांनी सांगितलं, कारण विचारणारं कुणीतरी त्यांच्या गावात, त्यांच्या भाषेत बोलत होतं. तो अभ्यास महाराष्ट्रातलाच आहे, आपल्या मातीतला. त्याला आता साडेतीन दशकं होऊन गेली.

वेळ नसतो, हेही मला मान्य आहे. सरकारी दवाखान्यातली ओपीडी मी बघितली आहे. एका टेबलाला दोन डॉक्टर, एकेका डॉक्टरसमोर दोन-दोन बायका उभ्या, मागे रांग जिन्यापर्यंत. त्यात "पाळी कधी आली होती" हे मोठ्याने विचारलं जातं आणि उत्तरही मोठ्याने द्यावं लागतं. तिथे कुठली बाई संबंधांच्या वेळचं दुखणं सांगेल? हा दोष एकट्या डॉक्टरचा नाही, जागा आणि माणसं वाढवणं सरकारचं काम आहे. पण एक पडदा, आणि नवऱ्याला, सासूला, आईला पाच मिनिटं बाहेर थांबवणं, एवढं आजच्या आज होऊ शकतं. प्रश्नही फार नाहीत. पाळीत शाळा-काम बुडतं का? रात्री उठावं लागतं का? गाठी पडतात का? संबंधात, लघवीला, शौचाला दुखतं का? हे छापील कागदावर मराठीत लिहून बाहेर बाकावर बसलेल्या बाईच्या हातात दिलं, लिहिता न येणाऱ्या बाईला सिस्टरने वाचून दाखवलं, तर तुमचा एक मिनिटही जास्त जाणार नाही. "लग्न झालंय का" हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागत असेल, तर तो या सगळ्याच्या नंतर विचारा. आणि अविवाहित मुलीला आतून सोनोग्राफी करता येत नाही म्हणून तिथेच थांबू नका. तिला दुसरे मार्ग सांगा, एमआरआय सांगा, तिच्यासमोर निवड ठेवा.

आणि लिहा. कृपा करून आमचं दुखणं फाइलवर लिहा, आम्ही सांगतो त्याच शब्दांत. पुढच्या डॉक्टरपर्यंत जाणारी तेवढी एकच गोष्ट आमच्या हातात असते.

हे पत्र लिहायला मी बसले ते शाळेच्या हजेरीपत्रकामुळे. वर्गशिक्षिका म्हणून महिन्याअखेरीला गैरहजेरीची बेरीज माझ्याकडे असते. आजारातून उठल्यावर एकदा सहज मागची पानं चाळली आणि काही मुलींच्या नावापुढे दर महिन्याला तीन-तीन दिवस सलग गैरहजर दिसले. २८ दिवसांनी, ३० दिवसांनी, पुन्हा २८ दिवसांनी. इतकी वर्षं मी ते हजेरीपत्रक भरत होते आणि मलाही दिसलं नव्हतं, म्हणून तुम्हालाच बोल लावायचा मला अधिकार नाही. आता मी त्या मुलींना एकेकीला बोलावून विचारते. बहुतेक जणींचं गोळीने भागतं. तिघींचं भागत नाही.

त्यातली एक, सध्या दहावीत आहे. आई दुसऱ्याच्या रानात रोजाने जाते. मागच्या महिन्यात ती पोरीला डॉक्टरकडे घेऊन गेली होती आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मला म्हणाली, "बाई, लगीन झाल्यावर बरं हुतं म्हणाले. खरं का वो?" वीस वर्षांनी तेच वाक्य, शब्दाला शब्द. मी तिला बसवलं आणि माझं सगळं सांगितलं.

मुलीला मी त्याआधीच आलेख कागद दिला होता. तीन महिन्यांचे ठिपके झालेत, आता ती स्वतःच रेघ जोडते. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तिघी तुमच्यापैकी एकाकडे येत आहोत. कागद तिच्याच हातात असेल. मी आणि तिची आई बाहेर बाकावर बसू, सिस्टरना आत राहू द्या. प्रश्न तिलाच विचारा. ती हळू बोलते आणि दोन वाक्यांच्या मधे बराच वेळ थांबते.

कळावे,
आपली नम्र,
एक गणित शिक्षिका, जिल्हा सातारा